निलेशच्या गाडीतला माल

कणकवलीहून दगड आला तो भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, वर गोणपाट, त्याच्यावर सुंभ. चौघांनी तो टेम्पोतून उतरवला आणि शाळेच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवला. आमच्या गावात बाळंतिणीलासुद्धा कोणी इतक्या जपून उतरवत नाही.

मी स्मारक समितीचा चिटणीस. हायस्कुलात छत्तीस वर्षं क्लार्क होतो, म्हणून गाव मला भाऊसाहेब म्हणतं आणि जिथे काही लिहायचं असेल तिथे नेऊन बसवतं. लग्नपत्रिका, मयताच्या बातम्या, ग्रामसभेचं इतिवृत्त, सगळं माझ्या हातचं. माणसं काय बोलतात आणि कागदावर काय उतरतं, यात किती अंतर असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. दगडावरचा मजकूरही माझाच. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मजकूर असा होता: ‘शत्रूशी लढताना धारातीर्थी पडलेले आमच्या गावचे वीर’. खाली तीन नावं. पहिला एकाहत्तरच्या लढाईत गेला, दुसरा कारगिलात. दोघे गोळी लागून गेले, त्यात प्रश्न नाही. तिसरं नाव नायक निलेश सत्यवान पालव. निलेश सैन्यात गाडी चालवायचा. चौदा वर्षांपूर्वी उत्तरेत, बर्फातल्या एका चौकीवर शिधा घेऊन जाताना रस्त्याची कड खचली आणि गाडी दरीत गेली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

हे समितीतल्या सातही जणांना माहीत होतं. सातही जण त्याच्या मयताला होते. तरी मजकूर ठरवताना सातांपैकी एकाच्याही तोंडून ‘अपघात’ हा शब्द निघाला नाही. समितीचे अध्यक्ष भाई म्हणाले, “दगडावर दोन मथळे बरे दिसत नाहीत, एकच घ्या.” एकाने मान हलवली, ती बघून दुसऱ्याने, आणि मान हलवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरायचा नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘मजकूर सर्वानुमते मंजूर.’

भाईंविषयी थोडं सांगायला हवं. बाजारात भाईंचं तीन दरवाजांचं दुकान आहे. त्यांच्या घराण्यातून आजवर सैन्यात कोणी गेलेलं नाही, पण पंधरा ऑगस्टला देशभक्तीची गाणी वाजतात ती भाईंच्या स्पीकरवर. स्मारकाची कल्पना त्यांचीच. सव्वीस जानेवारीला देवळासमोर दगडाचं अनावरण, जिल्ह्याहून पाहुणे, आणि गावातल्या अकरा माजी सैनिकांना शाल-श्रीफळ. त्या अकरांत एक बॅन्डमधला आहे, तो अजूनही गाल फुगवून बोलतो. एकाला पलटणीतलं काही आठवत नाही, पण कॅन्टीनमध्ये काय काय मिळायचं ते सगळं आठवतं. माणसं म्हणून बरी आहेत. आणि सगळ्यात वर, पत्रिकेत जाड अक्षरांत: ‘तीन पिढ्यांच्या शौर्यपरंपरेबद्दल पालव घराण्याचा विशेष सत्कार.’

गंमत अशी की याच पालवांना गाव सत्तर वर्षं ‘खेचरवाले’ म्हणत आलं होतं.

निलेशचे आजोबा, म्हणजे सत्यवानदादांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात खेचरं हाकायचे. परत आल्यावर त्यांनी ओटीवर बसून सांगितलं की तिथली खेचरं ओरडत नसत, शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्यांचे आवाज कापून टाकलेले असत. यातलं गावाने फक्त खेचर उचललं. सत्यवानदादा शाळेत जाताना पोरं मागून खेचरासारखी ओरडायची. मीही ओरडलोय. पुढे सत्यवानदादा सैन्यात ड्रायव्हर झाले, हवालदार होऊन परतले, त्यांच्यानंतर निलेश ड्रायव्हर झाला. तिघांपैकी कोणी माणसावर गोळी झाडली नाही. तिघांनी ओझी वाहिली. आता पत्रिकेत ‘खेचर’ छापणं बरं दिसेना, म्हणून आम्ही ‘शौर्य’ छापलं.

कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते. सत्यवानदादा शाळेत आले, गोणपाट बाजूला केलं आणि दगड वाचला. वय चौऱ्याहत्तर, पण चष्म्याशिवाय वाचतात. वाचून झालं तरी तिथेच उभे होते.

“ह्या कोणी लिवल्यान?”

“समितीने,” मी म्हटलं.

“समितीक हात आसत? हात कोणाचो?”

“माझा.”

“भाऊसाहेब, तू माझ्या झिलाच्या मयताक होतंस?”

“होतो, दादा.”

“तेच्या अंगार गोळी बघलंस?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग शत्रू कोण रे थंय? तो रस्तो? तो रस्तो आमच्याच लोकांनी बांधलेलो. नेपाळची पोरां काम करीत होती तेच्यार, थंडीत, फाटक्या स्वेटरान. ती शत्रू?” आवाज चढला तशी वर्गातली पोरं खिडकीत जमली. “चल माझ्यावांगडा. भाईक इचारूया.”

बाजारापर्यंत दादा माझ्या दोन पावलं पुढे चालले. भाई दुकानात गादीवर होते. दादांना बघून ते हसले, खुर्ची मागवली, चहा मागवला.

“चाय नको. दगडावरचा खोटा पूस,” दादा उभ्यानेच म्हणाले.

“दादानू, बसा तरी. अवो, लोकांक समाजता तसा लिवचा लागता. उद्या शाळेतली पोरां वाचतली, तेंका स्फूर्ती येवक व्हयी.”

“खरा वाचून स्फूर्ती येत नाय?”

“गाडी पडली ह्या वाचून खंयची स्फूर्ती? बटाटे नेताना मेलो, ह्या वाचून कोण सैन्यात जातलो?”

चुकलं हे भाईंना बोलतानाच कळलं. पण जीभ सुटली होती.

दादा गादीपाशी गेले. “वरच्या चौकीत बावीस जणां होती. बर्फात. ती काय खायत होती रे भाई? तुझी स्फूर्ती?”

दुकानात गिऱ्हाईक होतं, ते पिशवी धरून तसंच उभं राहिलं.

“बंदूक घेतल्यान तो सैनिक आणि तेका जेवण पोचवता तो कोण? हमाल? माज्या बापाशीक तुमी खेचरवालो म्हटल्यात, मी ऐकून घेतलंय. माका म्हटल्यात, घेतलंय. आता झील मेल्यार तेका बंदूक दितास? तेचा काम तुमका दाखवूक लाज वाटता, म्हणून?”

भाई रागावले की प्रमाण मराठीत शिरतात. “हे बघा पालव, दगड एक आहे आणि मथळाही एकच आहे. त्या मथळ्याखाली नाव ठेवायचं असेल तर राहील. नको असेल तर मेस्त्रीला बोलावून नाव घासून काढतो. मग दोनच वीर. तुमचा सत्कारही मग कशासाठी करायचा, ते समितीला बघावं लागेल. परवापर्यंत कळवा.”

“घास,” दादा म्हणाले आणि निघाले.

पण नाव घासायचं तर घरातून लेखी हवं, असं भाईंनी मला बजावलं. घासल्यावर गाव बोललं तर कागद समितीच्या हातात पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज लिहून मी पालवांच्या वाडीत गेलो. अशा कामांना माझाच नंबर लागतो.

खळ्यात निलेशची आई, मथुरावहिनी, कुळीथ पाखडत बसल्या होत्या. दादा पायरीवर. दोघांच्यात सकाळपासून बोलणं झालेलं नसावं, कारण मला बघून दोघंही एकदम बोलायला लागली.

“दी हाड, सही करतंय,” दादांनी कागदासाठी हात पुढे केला.

“भाऊसाहेब, तो कागद माज्याकडे द्या. मी चुलीत घालतंय,” वहिनी.

“मथुरा, तू मधी पडू नको.”

“मधी कोण पडता? नऊ म्हयने माज्या पोटात होतो, तेव्हा तुमी खंय होतास? गाडी हाकीत होतास. तो मोठो झालो, तेव्हा? गाडी. आणि तेका पण थंयच धाडल्यात.” सूप बाजूला ठेवून त्या उभ्या राहिल्या. “चौदा वर्सां मी ऐकतंय भाऊसाहेब. हळदीकुंकवाक गेलंय तरी बायो कुजबुजतत, लढायत नाय गो, पडून मेलो. पडून! आंब्यावरसून पडल्यासारो! आता पयल्यांदा एक दगड सांगता, माजो झील वीर होतो. तो दगड माका व्हयो. खोटो तर खोटो. देवळाच्या दारात तेचा नाव दिसाक व्हया.”

“तेचा नाव नाय ता. नाव तेचा आणि मरण दुसऱ्याचा,” दादा म्हणाले.

“लोकांक काय फरक पडता?”

“माका पडता.”

“तुमका! तुमका तुमची गाडी मोठी. झील ल्हान.”

हे वर्मी लागलं. दादा पायरीवरून उठले, माझ्या हातातला अर्ज घेतला आणि सही न करताच घरात निघून गेले. वहिनी पुन्हा सूप घेऊन बसल्या आणि इतक्या जोरात पाखडू लागल्या की कोंड्याबरोबर कुळीथही उडायला लागले.

मी परत येऊन भाईंना सांगितलं, सही झाली नाही. भाई म्हणाले, “म्हणजे नाव राहिलं. गप्प बसलेला माणूस कबूल असतो.” इतकी वर्षं सर्वानुमते मंजूर लिहून माझीही तशीच समजूत झालेली. पालवांच्या सुनेला मात्र मी फोन केला. निलेशची बायको संचिता वैभववाडीला शाळेत शिकवते, मुलीला घेऊन तिकडेच राहते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मजकूर लिहिताना मला का नाही विचारलंत?” मी समिती, मथळा असं काहीतरी सांगू लागलो. “येते मी सव्वीसला,” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

सव्वीस जानेवारी. रवळनाथाच्या देवळासमोर मांडव, भाईंचा स्पीकर, दगडावर भगवं साटिन. दहा माजी सैनिक पदकं लावून पहिल्या रांगेत. अकरावे सत्यवानदादा, धुतलेला पांढरा सदरा, पदकं नाहीत. मागे बायकांत मथुरावहिनी आणि संचिता. जिल्ह्याचे पाहुणे दीड तास उशिरा आले, तोपर्यंत बॅन्डवाला गाल फुगवून फुगवून दमला होता.

आमच्याकडे देवासमोरचं कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. बाबली गावकार हे गाऱ्हाणं घालणारे, त्यांच्या घराण्याचा तो मान. हातात नारळ धरून ते देवाशी मोठ्याने बोलतात आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. भाईंनी त्यांना आदल्या दिवशी कागदावर चार ओळी दिल्या होत्या. बाबलींनी तो कागद नारळाखाली धरला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या गावच्या वीरांचा ह्या स्मारक तेंनी उबारल्यानी, ता गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग रीतीप्रमाणे बाबलींनी मान वळवून विचारलं, “आणि कोणाचा काय सांगणा आसा?” हे नेहमी विचारतात. कोणाची म्हैस दूध देत नसते, कोणाच्या मुलीचं जमत नसतं. माणूस सांगतो, गावकार ते देवाच्या कानावर घालतो. त्या दिवशी कोणी काही बोलणार नव्हतं, पाहुण्यांना वेळ नव्हता.

“माजा आसा,” सत्यवानदादा उभे राहिले.

भाईंनी स्टेजवरून हात हलवला, “दादा, नंतर.” बाबलींनी भाईंकडे बघितलं, मग देवाकडे. भाईंची गाठ आठवड्यातून एकदा पडते, देवाची रोज. “सांगा दादानू,” ते म्हणाले.

“सांग तेका, माज्या बापाशीन लढायत खेचरां हाकली.”

“बा देवा, ह्या पालवाच्या बापाशीन लढायत खेचरां हाकली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला. तोंडं आपोआप उघडतात, डोक्याला विचारत नाहीत.

“मी गाडी हाकलंय. चोवीस वर्सां.”

“ह्या तुज्या लेकरान चोवीस वर्सां गाडी हाकल्यान म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माज्या झिलान गाडी हाकल्यान. तेच्यार कोणी गोळी झाडूक नाय. तेणा कोणार झाडूक नाय.”

बाबलींचा आवाज इथे जरा अडखळला, पण गाऱ्हाणं मध्येच सोडता येत नाही. ते म्हणाले. गावाचं ‘व्हय’ आता अर्धंमुर्धं आलं. पुढच्या रांगा गप्प होत्या, मागच्या बायका आणि शाळेची पोरं म्हणाली.

“तेच्या गाडयेत बटाटे होते. रॉकेल होता. वर बावीस जणां वाट बघीत होती.”

“…बावीस लेकरां वर वाट बघीत होती म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे बायकांचं होतं, आणि मोठं होतं.

दादांनी घसा खाकरला. मान खाली घालून, पायातल्या चपलांकडे बघत ते पुढचं बोलले. “खराब वळणार वांगडच्या, बाजूक बसलेल्या पोराक खाली उतरवचा, रस्तो बघूक लावचा, आणि एकट्यान गाडी काढूची. असो नेम आसा. मीच शिकवलेलंय तेका. तेणा पोराक उतरवल्यान. मगे रस्तो गेलो. ता पोर जगला.”

बाबलींनी भाईंच्या कागदाकडे बघितलं. त्यांनी कागद खाली टाकला आणि नारळ दोन्ही हातांत धरला. “बा देवा म्हाराजा! ह्या पोरान दुसऱ्याच्या पोराक आधी खाली उतरवल्यान म्हाराजा! आणि मगे रस्तो गेलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पहिल्या रांगेतला बॅन्डवाला उभा राहून म्हणाला. त्याच्यामागे बाकीचे नऊ.

“आता शेवटचा,” दादांचा आवाज तापला, ते स्टेजकडे वळले. “तेचा काम जेणी लपयल्यानी, आणि तेच्या जाग्यार खोटी बंदूक ठेवल्यानी, तेंका सांग, माज्या घराची तेंका लाज वाटत आसात तर तेंनी माज्या घराचो सत्कार करू नये.”

बाबलींनी सांगितलं, एक शब्द न गाळता. वर आपल्या पदरचं घातलं: “वाकडा आसात ता सरळ कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीही म्हणालो. बाजूला बघितलं तर भाईंचेही ओठ हलले होते. जन्माची सवय. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आणि त्यांनी ओठ मिटले, पण देवासमोर गेलेला शब्द माघारी येत नाही.

जिल्ह्याच्या पाहुण्यांना मालवणी कळत नव्हती. पुण्याकडचे गृहस्थ. त्यांना वाटलं, वडिलांनी मुलाचं गुणगान केलं. ते हसतमुखाने उठले, दोरी ओढली, साटिन खाली घसरलं. ‘शत्रूशी लढताना.’ सोनेरी अक्षरं उन्हात चमकली. पाहुण्यांनी टाळी वाजवली, एकट्यांनी. मग त्यांनीही हात खाली घेतले.

मागून मथुरावहिनी उठल्या. बायकांच्या रांगेतून वाट काढत, कोणाकडे न बघता दगडापाशी आल्या. मला वाटलं, नावावर हात फिरवतील. चौदा वर्षं त्यांना तेच हवं होतं. हात फिरवलाही, एकदाच, ‘निलेश’वरून. मग वाकून त्यांनी साटिन उचललं आणि दगडावर टाकायला गेल्या. हात पोचेना. संचिता धावत आली, तिने दुसरं टोक धरलं आणि दोघींनी दगड झाकला.

“सायब, तुमी चाय घेवा. दगड अजून झालो नाय,” वहिनी पाहुण्यांना म्हणाल्या.

नवऱ्याजवळून जाताना त्या थांबल्या आणि इतक्या मोठ्याने बोलल्या की पहिल्या रांगेने ऐकलं. “पोराक उतरवल्यान, ह्या तुमका चौदा वर्सां ठावक होता?”

“सुबेदाराची चिठी इल्ली. तू रडशीत म्हणून नाय सांगलंय.”

“आणि नाय सांगल्यात म्हणून मी रडूक नाय?” असं म्हणून त्या घराकडे निघाल्या. त्या दिवशी आमच्या गावात सर्वांत जास्त राग कोणाला आला होता, हे मला विचाराल तर मी भाईंचं नाव घेणार नाही, दादांचंही नाही.

सत्कार झाला नाही. अकरा शाली घड्या घातलेल्या तशाच राहिल्या. माजी सैनिकांपैकी कोणी घ्यायला पुढे आलं नाही, कॅन्टीनवालादेखील नाही. संध्याकाळी भाईंनी मला गाठलं. “इतिवृत्तात काय लिहिणार?”

“घडलं ते.”

“ते नको.”

“भाई,” मी म्हटलं, “तुमीपण व्हय म्हटल्यात. मी बघलंय.”

त्यांनी पाठ फिरवली. जाताना मात्र म्हणाले, “मेस्त्रीक फोन करतंय. मजकूर तू दी.” तेही मालवणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडवीत दादा आणि वहिनी. बरोबर आलेली, पण वेगवेगळ्या बाकांवर बसलेली. वहिनींच्या हातात ती चिठ्ठी होती, आता ती त्यांच्याकडेच असणार हे उघड होतं. “वाचा,” त्या म्हणाल्या. “सगळी. गाळू नकात.” सुबेदाराची हिंदी होती, गोल अक्षरातली. मी वाचत गेलो आणि एकेक वाक्य मालवणीत सांगत गेलो. गाडीत बटाटे, रॉकेल, साखरेची दोन पोती, चौकीतल्या मुलांची टपालाची थैली. थैली वर रस्त्याच्या कडेलाच सापडली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने पोचवली, असंही लिहिलं होतं.

“आता लिव,” दादा म्हणाले.

मी लिहिलं: ‘चौकीवर रसद नेताना वीरमरण आलेले अमर हुतात्मा…’

“खोड.”

“कुठलं?”

“वीर खोड. अमर खोड. हुतात्मा खोड. मरण आलेले, बस. पदव्या देवन देवन तुजो हात सवकलो हा.”

मी खोडलं. उरलं ते फारच थोडं दिसलं. “दादा, जरा उघडं वाटतंय हो.”

“मग माल लिव. बटाटे, रॉकेल.”

“दगडावर? बटाटे?”

“लिव म्हटला मा! तेंचीच लाज वाटली तुमका, तेच लिव.”

मी ‘बटाटे, रॉकेल’ लिहिलं. लगेच वहिनी म्हणाल्या, “साकर खंय?”

“मथुरा, दगड आसा तो. वाण्याची यादी नाय.”

“तुमी गप ऱ्हवा. चौदा वर्सां गप होतास, आजूनपण जमतला. लिवा भाऊसाहेब, साकर. टपालाची थैली. आणि बटाटे किती पोती?”

चिठ्ठीत आकडा नव्हता. मी तसं सांगितलं.

“तेंका इचारा,” त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे न बघता.

“असतीत चाळीस-पन्नास,” दादा म्हणाले.

“असतीत नको. दगडार जातला. नीट सांगा.”

दादा बाकावरून उठले. डोळे मिटून ते पडवीच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हातांनी हवेत पोती रचायला लागले. केबिनला टेकून पाच, त्यांच्यावर पाच, मग आडवे थर. ओठ हलत होते. मध्येच थांबले, मान हलवली, एक थर काढून पुन्हा लावला. मी पेन उचलून वाट बघत होतो.

“रॉकेल खंय ठेवतत?” वहिनींनी विचारलं. आवाज अजून कडकच होता, पण बाक त्यांनी जवळ ओढला होता.

“मागे,” दादा डोळे न उघडता म्हणाले. “साकरेपासून लांब. वास लागता.”

“बरा. मोजा.”